बैठक कशी जमते आणि कशी टिकते

बीड जिल्ह्याचें नांव निघालें कीं ऐकणाराच्या डोळ्यांपुढें बहुधा दोन चित्रें उभीं राहतात. एक, उन्हाळ्यांत कोरड्या पडलेल्या विहिरीचें; आणि दुसरें, दसऱ्यानंतर भांडींकुंडीं, कोंबड्या आणि लेंकरें वाहनांत घालून ऊसतोडीस निघालेल्या कुटुंबांचें. हीं दोन्ही चित्रें खरीं आहेत. परंतु याच जिल्ह्यांत अंबाजोगाईच्या डोंगरकपारींत मुकुंदराजांची समाधि आहे. त्याच गांवीं राहून दासोपंतांनीं आपलें अफाट वाङ्मय निर्माण केलें. येथील कीर्तनकारांचे आवाज सबंध महाराष्ट्रांत ऐकूं येतात. आणि येथील बायांनीं जात्यावर गायिलेल्या ओव्या आज अभ्यासकांच्या संग्रहांत मानानें ठेवलेल्या आहेत. जेथें पाऊस वेळेवर येत नाहीं, तेथें गाणें मात्र पिढ्यान्‌पिढ्या कसें येत राहिलें, असा प्रश्न कोणाहि विचारी माणसास पडावा.

या प्रश्नाचीं दोन उत्तरें नेहमीं ऐकूं येतात. कोणी म्हणतो, हा मातीचा गुण. कोणी म्हणतो, प्रतिभा ही ईश्वरी देणगी. दोन्ही उत्तरांत एक मोठी सोय आहे. तीं दिलीं कीं पुढें कांहीं करावयाचें उरत नाहीं. माती बदलतां येत नाहीं, आणि ईश्वराकडे अर्ज पाठविण्याची कचेरी अद्याप कोठें उघडलेली नाहीं! परंतु जुन्या काळाकडे जरा बारकाईनें पाहिलें तर निराळी गोष्ट दिसूं लागते. ग्रंथ एकटा माणूस लिहितो, चाल एकाच कंठांतून निघते, हें खरें. पण तो ग्रंथ लिहावासा वाटणें, ती चाल पुन्हा म्हणावीशी वाटणें, यासाठीं ऐकणारीं, उलट उत्तर देणारीं, चुकलें तर हंसणारीं आणि साधलें तर मान डोलाविणारीं चार माणसें जवळ असावीं लागतात. या चार माणसांच्या नित्य एकत्र येण्यास आपल्या भाषेंत एक साधा शब्द आहे: बैठक. कलेचें वातावरण म्हणून जें म्हणतात तें या बैठकींतून तयार होतें. ती कशी जमते, कशी मोडते आणि तिला हातभार कसा लावावा, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

आरंभ सोळाव्या शतकापासून करूं. पैठणास एकनाथ, अंबाजोगाईस दासोपंत, खुद्द बीड येथें जनीजनार्दन, आणि यांच्याच मेळ्यांतले रामाजनार्दन व विठा रेणुकानंदन, या पांच जणांस वाङ्मयाच्या इतिहासांत ‘नाथपंचक’ म्हणतात. एकनाथांचा काळ इ. स. १५३३ ते १५९९, दासोपंतांचा १५५१ ते १६१५. म्हणजे हे एकमेकांचे समकालीन होते, आणि एकाच्या गांवाहून दुसऱ्याच्या गांवीं पायीं जाण्यास थोडेच मुक्काम पुरत. काळ सुखाचा नव्हता. राज्यें मोडत होतीं, फौजा फिरत होत्या. दासोपंतांच्या बालपणींची, बेदरच्या दरबारीं ओलीस राहिल्याची कथा सर्वांस ठाऊक आहे. अशा दिवसांत गोदावरीपासून बालाघाटापर्यंतच्या टापूंत एकाच वेळीं पांच ग्रंथकार निर्माण झाले, हा निव्वळ योगायोग मानणें कठीण आहे.

या पांचांचे स्वभाव एकसारखे नव्हते, ही गोष्ट विशेष लक्षांत घेण्याजोगी आहे. एकनाथांनीं एकीकडे इ. स. १५८४ मध्यें ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तर दुसरीकडे वासुदेव, जोशी, गोंधळी यांचीं सोंगें घेऊन रस्त्यावरच्या माणसाची बोली भारुडांत आणली. दासोपंतांचा ओढा विस्ताराकडे. त्यांच्या गीतार्णवाच्या ओव्या सव्वा लक्ष असल्याचें परंपरा सांगते. एका लांबलचक कापडावर त्यांनीं पंचीकरणाचा विषय लिहून काढला. ती ‘पासोडी’ मराठी वाङ्मयांतील एक अपूर्व वस्तु मानली जाते. दासोपंतांस एकनाथांविषयीं प्रथम कांहींसा दुरावा वाटत होता, आणि पुढें पैठणास जाऊन भेटल्यावर तो मावळला, अशी आख्यायिका आहे. तिच्यांतील चमत्काराचा भाग बाजूस ठेवला तरी तिचें मर्म शिल्लक राहतेंच. आपल्या बरोबरीचा एक मनुष्य कांहीं मुक्कामांवर काम करीत आहे, त्याची रीत आपल्याहून वेगळी आहे, आणि त्याला भेटल्यावांचून आपणांस चैन पडत नाहीं, ही जाणीव कलावंतास जेवढें काम करावयास लावते तेवढें राजाश्रयानेंहि होत नाहीं.

बैठक म्हटली कीं ती विद्वान पुरुषांचीच असली पाहिजे, असें मात्र नाहीं. या जिल्ह्यांतील सर्वांत जुनी, सर्वांत मोठी आणि सर्वांत कमी मान मिळालेली बैठक पहाटेच्या अंधारांत, जात्याभोंवतीं बसत असे. दोघी बाया समोरासमोर बसतात, खुंट्याला दोघींचे हात असतात, एक वैरण घालते. एकीनें पहिली ओळ काढावी, दुसरीनें ती उचलावी. एकीनें माहेर म्हटलें तर दुसरीनें भाऊ आणावा, एकीनें पंढरी म्हटली तर दुसरीनें वाट सांगावी. दळण सरेपर्यंत गाणें थांबावयाचें नाहीं. सासू, जावा, शेजारणी, माहेरवाशिणी यांची ही बैठक रोज भरे. तिला अध्यक्ष नव्हता, वर्गणी नव्हती, आणि नव्या सुनेस तींत प्रवेश मिळविण्यासाठीं अर्ज करावा लागत नसे. जातें ओढण्यास एक हात कमी पडला कीं ती आपोआप सभासद होई.

या ओव्या जमविण्याचें मोठें काम पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हॅं या दोन अभ्यासकांनीं केलें. त्यांच्या संग्रहांत एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. १९९६ सालीं या कामासाठीं मंडळी माजलगांवच्या भीमनगर वस्तींत आली, तेव्हां तेथील बायांनीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविषयीं आणि बुद्धाविषयीं ओव्यांमागून ओव्या म्हटल्या. त्या ध्वनिमुद्रित झाल्या आणि आज कोणासहि ऐकावयास मिळतात. ज्यांच्या हातीं पाटीपेन्सिल क्वचितच आली अशा स्त्रियांनीं आपल्या काळांतील सर्वांत मोठी उलथापालथ आपल्या छंदांत बसविली होती. छंद जुना, विषय अगदीं नवा. एकटीनें हें झालें नसतें. समोर बसलेल्या बाईनें दुसरी ओळ उचलली म्हणून पहिलीला तिसरी सुचली.

दूर जपानांतहि सतराव्या शतकांत कवितेची अशीच एक रीत भरास आली होती. बाशो या कवीच्या भोंवतीं जमणारी मंडळी सांखळीची कविता रचीत. पाहुण्यानें पहिलें कडवें म्हणावयाचें, यजमानानें दुसरें जोडावयाचें, मग एकामागून एक प्रत्येकानें आपली भर घालावयाची. पुढें जगभर गाजलेली हायकू ही चिमुकली कविता त्या पहिल्या कडव्यांतूनच स्वतंत्र झाली. बाशोची बैठक आणि माजलगांवचें जातें यांचा एकमेकांशीं कांहीं संबंध नाहीं. पण दोहोंची घडण एक आहे. पहिला शब्द टाकतांना दुसरा कोणीतरी तो झेलणार आहे अशी खात्री असावी लागते.

आतां या बैठकीचें काय झालें तें पाहूं. गांवांत पिठाची गिरणी आली आणि जातें थांबलें. याबद्दल शोक करण्याचें कारण नाहीं. पहाटे उठून दोन दोन तास दळण दळण्याचे कष्ट ज्या हातांनीं सोसले त्या हातांना गिरणी म्हणजे सुटकाच वाटली, आणि शहरांत खुर्चीवर बसून जात्याचा महिमा गाणाऱ्यांनीं ही गोष्ट विसरूं नये. परंतु कष्ट गेले त्यांबरोबर समोरासमोर बसण्याची वेळहि गेली. ओवी रचण्याची शक्ति बायांमधून नाहींशी झाली नाहीं. ती जेथें प्रकट होत असे ती जागा तेवढी नाहींशी झाली. येथें बैठकीचा पहिला नियम हातीं लागतो. ती एखाद्या कामाच्या, उपासनेच्या किंवा गरजेच्या आश्रयानें जमते. तो आश्रय काढून घेतला आणि दुसरा दिला नाहीं, तर प्रतिभा जागच्या जागीं मुकी होते. म्हणून संग्रह करणें हें अर्धें काम झालें. उरलेलें अर्धें काम दुसरें जातें शोधण्याचें आहे.

दुसरा नियम कीर्तनाच्या परंपरेंत स्पष्ट दिसतो. या जिल्ह्यांत अखंड हरिनाम सप्ताह होत नाहीं असें गांव शोधूनच काढावें लागेल. पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचें पारायण, सायंकाळीं हरिपाठ, रात्रीं कीर्तन, त्यानंतर जागर, आणि शेवटीं काला. कीर्तनकार बाहेरून येतो, पण त्याच्या मागें उभे राहणारे टाळकरी गांवचेच असतात. पंक्तीचा दिवस घराघरांनीं वांटून घेतलेला असतो. या रचनेंत मुलाची वाढ कशी होते तें पाहण्यासारखें आहे. प्रथम तो बापाच्या मांडीवर बसून ऐकतो, मग हातीं टाळ येतो आणि मागच्या रांगेंत उभा राहतो, वर्षा-दोन वर्षांनीं पाऊल ठेक्यांत पडूं लागतें, मग तो ध्रुपद धरूं लागतो, एखाद्या दिवशीं प्रवचनकार वेळेवर पोहोंचत नाहीं आणि म्हातारे त्याला म्हणतात, “बाळा, आज तूंच चार शब्द बोल.” चुकला तर मागचे टाळकरी सांवरून घेतात. मागच्या रांगेपासून पुढच्या गादीपर्यंत पायऱ्या आहेत, आणि कोणती पायरी कोणासाठीं मोकळी आहे हें सर्वांस माहीत आहे. नवीन माणसासाठीं अशी खालची पायरी ज्या बैठकींत नसते, ती एका पिढीबरोबर संपते.

जेथें या पायऱ्या विस्कळित झाल्या होत्या तेथें त्या पुन्हा बांधण्याचें काम १९१७ सालीं आळंदीस वारकरी शिक्षण संस्थेनें आरंभिलें. विष्णुबोवा जोग यांनीं ती स्थापिली. त्यांच्या हाताखालीं तयार होऊन तो भार वाहणाऱ्यांत सोनोपंत दांडेकर जसे होते, तसेच बीड जिल्ह्यांतील नेकनूर येथें ज्यांचें स्मारक आहे ते बंकटस्वामीहि होते. शिक्षण विनामूल्य, मुलांनीं माधुकरी मागून जेवावें, आणि गाथा, ज्ञानेश्वरी, गायन, मृदंग यांचा अभ्यास करून आपापल्या गांवीं परत जावें, अशी ही सोपी योजना. गरिबाच्या मुलासहि ती झेपली, याचें कारण तिच्यांत खर्चाची बाब जवळ जवळ नव्हतीच. कलेला साह्य करूं इच्छिणारांनीं या साधेपणाचा विचार करावा. बैठकीला इमारतीपेक्षां नेमाची गरज अधिक असते.

पण नेम चालविणार कोण? येथें तिसरी गोष्ट पुढें येते. १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. अंबाजोगाईचें सरकारी नांव तेव्हां मोमिनाबाद असें होतें. राज्यकारभाराची व उच्च शिक्षणाची भाषा उर्दू. सभा भरवावयाची तर आगाऊ परवानगी काढावी लागे, आणि गश्ती निशाण ५३ हें या बंधनाचें नांव जुन्या माणसांच्या तोंडीं अद्याप आहे. खाजगी शाळांवरहि करडी नजर असे. अशा काळांत मराठी बोलण्या-लिहिण्याची हौस जिवंत राहिली ती शाळा, ग्रंथालय आणि गणेशोत्सव या तीन ठिकाणीं. १९३५ च्या सुमारास स्वामी रामानंद तीर्थ व बाबासाहेब परांजपे हे हिप्परगे येथील राष्ट्रीय शाळेंतून अंबाजोगाईस आले आणि तेथील योगेश्वरी विद्यालयास त्यांनीं नवें तेज आणलें. स्वामीजी पुढें १९३८ मध्यें हैदराबादच्या मुक्तिलढ्यांत उतरले, व इतिहास त्यांस त्या लढ्याचे नेते म्हणून ओळखतो. परंतु रोज सकाळीं वर्ग उघडणें, मुलास पुस्तक हातीं देणें, त्याचा निबंध वाचून त्यावर खूण करणें, हें काम करणारे त्यांच्याभोंवतींचे शिक्षक कोणत्याहि इतिहासांत फारसे येत नाहींत. प्रत्येक बैठकीच्या मागें असा एक मनुष्य असतो. तो स्वतः क्वचितच गातो किंवा लिहितो. सतरंजी तो अंथरतो, दिवा तो लावतो, निरोप तो पाठवितो, आणि सर्व मंडळी उठून गेल्यावर दार तोच लावून घेतो. ज्या वर्षीं तो थकतो किंवा बदलीवर जातो, त्याच वर्षीं बैठक मोडते; आणि लोक म्हणतात कीं गांवांत पूर्वींसारखी रसिकता राहिली नाहीं!

बैठक मोडण्याचें आणखीहि एक कारण असतें, आणि तें मंडळी फार जमल्यानेंच उत्पन्न होतें. पुण्यास १९२३ सालीं रविकिरण मंडळ निघालें. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्रीधरपंत व मनोरमाबाई रानडे, वि. द. घाटे इत्यादि मंडळी चहाच्या निमित्तानें जमत, एकमेकांच्या कविता ऐकत, आणि एकत्र पुस्तकें काढीत. कविता गाऊन दाखविण्याची त्यांची रीत गांवोगांव पसरली; कवितेला तिनें घरोघर श्रोते मिळवून दिले, हा त्या मंडळाचा उपकार निर्विवाद आहे. परंतु रीत पसरली तशी तिची नक्कलहि पसरली. १९२५ मध्यें आचार्य अत्र्यांचीं ‘झेंडूचीं फुलें’ प्रसिद्ध झालीं, आणि ज्या लकबींवर सगळे खुष होते त्यांवरच सारा महाराष्ट्र हंसला. हंसणारा हा बैठकीचा शत्रु नव्हे. जेथें प्रत्येक कवितेला ‘वाहवा’च मिळते तेथें चांगल्या कवीचें नुकसान सर्वांत अधिक होतें, कारण वाईट कवीला फसविणारी स्तुति त्याला तर मुळींच उपयोगाची नसते. मित्राच्या तोंडावर, पण मित्र राहून, “हें साधलें नाहीं” असें सांगणारा एक तरी श्रोता बैठकींत असावा.

आणि बैठकीचें दार कोणाकरितां उघडें आहे, हा प्रश्न तर या सर्वांहून मोठा. जुन्या साहित्यमंडळांत बसणारांची जात व वर्ग बहुधा ठरलेला असे. तेथें जागा मागून ती मिळत नव्हती. १९५० सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरांत, महाविद्यालय काढलें. तेंच पुढें मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झालें. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून, घराण्यांत पहिल्यांदाच शिकणारीं मुलें तेथें आलीं आणि वसतिगृहांत एकत्र राहिलीं. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनीं लिहिलेलें ‘युगयात्रा’ हें नाटक त्याच वातावरणांतलें. प्राध्यापक गंगाधर पानतावणे यांनीं १९६७ नंतर ‘अस्मितादर्श’ हें त्रैमासिक जवळ जवळ पन्नास वर्षें चालविलें, आणि लेखक-वाचकांचे मेळावे भरविले. मेळाव्याच्या या नांवाकडे लक्ष द्यावें: लेखक आणि वाचक, दोघेहि एका मांडवांत. दलित साहित्याचा उदय केवळ कांहीं प्रतिभावंत जन्मले म्हणून झाला नाहीं. वसतिगृह, महाविद्यालय, नियतकालिक आणि मेळावा अशीं चार स्थानें एकमेकांस जोडलीं गेलीं, तेव्हां जो आवाज शतकानुशतकें दाराबाहेर उभा होता त्यानें स्वतःचें घर बांधलें. मराठी साहित्यावर झालेला त्याचा परिणाम आज कोणीहि नाकारीत नाहीं.

तर मग आज काय करावें? पहिली सूचना अशी कीं उत्सव आणि बैठक यांत घोटाळा करूं नये. १९८३ सालीं अंबाजोगाईस अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलें. व्यंकटेश माडगूळकर अध्यक्ष होते. त्या गांवच्या परंपरेस शोभेल असाच तो मान होता. संमेलनानें गांवाचा उत्साह वाढतो, तरुणांस मोठे लेखक दृष्टीस पडतात. परंतु संमेलन ही जत्रा आहे, आणि जत्रेच्या दिवशीं कोणी पेरणी करीत नाहीं. मांडव उठल्यावर पुढच्या महिन्यांत, त्याच गांवीं, दहा माणसें एका खोलींत जमलीं काय, हा खरा प्रश्न. जिल्ह्यांत होणाऱ्या एखाद्या मोठ्या समारंभाच्या खर्चांतला लहानसा हिस्सा जरी वर्षभराच्या छोट्या बैठकांकडे वळविला तरी त्याचें फळ दहा वर्षांनीं दिसेल.

दुसरी सूचना ग्रंथालयांस. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानें महाराष्ट्रांत खेडोपाडीं ग्रंथालयांस अनुदान मिळण्याची सोय झाली. यांपैकीं कित्येक ठिकाणीं आज वर्तमानपत्र वाचून मंडळी उठून जातात. महिन्यांतून एक ठराविक वार धरावा. त्या दिवशीं कोणी तरी स्वतःचें लिहिलेलें वाचावें, किंवा पाठ असलेलें म्हणावें. तीनच माणसें आलीं तरी बैठक रद्द करूं नये. चौथा मनुष्य येतो तो तीन जण चुकत नाहींत हें पाहूनच येतो. स्त्रियांच्या बचत गटाची बैठक तर ठरल्या दिवशीं भरतेच. हिशेब संपल्यावर अर्धा तास गाण्यास दिला, तर गिरणीनें बंद केलेलें जातें, कष्टांवांचून, पुन्हा फिरूं लागेल.

तिसरी सूचना या जिल्ह्याच्या दुःखाशीं निगडित आहे. दसरा झाला कीं येथून लाखों माणसें, बहुधा नवराबायकोचा मिळून एक कोयता अशा हिशेबानें, मुकादमाची उचल अंगावर घेऊन पश्चिम महाराष्ट्रांत आणि कर्नाटकांत ऊसतोडीस जातात, तीं हंगाम संपल्यावर, चैत्र-वैशाखाच्या सुमारास परत येतात. शहरांतील व्याख्यानमाला, स्पर्धा, शाळांचीं स्नेहसंमेलनें मात्र बहुतेक कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत. म्हणजे ज्या दिवसांत कलेचा मांडव पडतो, नेमक्या त्याच दिवसांत कितीतरी वस्त्या रिकाम्या असतात. पोरगी आईबापांबरोबर उसाच्या फडावर, कोपींत राहते आणि धाकट्या भावास सांभाळते. तिचा गळा कसा आहे हें कोणास कळणार? मागच्या रांगेंत उभें राहण्याची जी पहिली पायरी, तीच वर्षांतले सहा महिने तिच्यापुरती काढून ठेवलेली असते. जुन्या माणसांना हें कळत होतें. म्हणून गांवची जत्रा लोक परत आल्यावर, चैत्रांत, आणि मेळावा ते निघण्यापूर्वीं, दसऱ्यास, असा बेत ठेवलेला दिसतो. कवितेच्या, गाण्याच्या, नाटकाच्या नव्या बैठकांनींहि हेंच पंचांग पाळावें. आणि तोडीच्या मुक्कामीं मुलांसाठीं जेथें साखरशाळा चालते तेथें आठवड्यांतून एक संध्याकाळ गोष्टींची व गाण्यांची ठेवावी. त्यास कंदील आणि घोंगडी याहून अधिक कांहीं लागणार नाहीं.

शेवटची सूचना साह्य करणारांच्या हाताविषयीं. बैठकीस पैसा हवा, पण फार नव्हे. सतरंजी, दिवा, चहा, गाडीभाडें आणि एखादें छापील पानपत्र, एवढ्यापुरता हात सढळ असावा. याहून अधिक आलें कीं मंडळी गाण्याऐवजीं हिशेबासाठीं जमूं लागतात, आणि बक्षिसें वाढलीं कीं शेजारी बसणारा सोबती न राहतां प्रतिस्पर्धी होतो. त्यापेक्षां जो मनुष्य निमूटपणें दार उघडतो व लावतो, त्याचे श्रम हलके करावे. त्याच्या हाताखालीं एक तरुण तयार करावा. आणि त्याच्या हयातींतच किल्ली दोघांकडे असावी. गादीवर बसणारा माणूस बदलला तरी बैठक चालते. किल्ली हरवली तर मात्र ती बंद पडते.

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांस यांत करण्यासारखें पुष्कळ आहे. घरांत दिवाणखाना असतो, सुटीची एक संध्याकाळ असते, आणि गांवाकडून शिक्षणास किंवा कामास आलेला एखादा मुलगा, एखादी बाई, ओळखीची असतेच. त्यांस एकदां बोलवावें आणि ऐकावें. जें आवडलें तें आवडलें म्हणावें, जें समजलें नाहीं तें पुन्हा विचारावें, आणि निघतांना पुढच्या महिन्याची तारीख सांगावी. पहिल्या दिवशीं कोणी दासोपंत भेटणार नाहीं. परंतु पासोडीच्या त्या लांबलचक कापडाचाहि आरंभ पहिल्या ओळीपासूनच झाला असला पाहिजे. आणि ती ओळ ऐकण्यास कोणीतरी समोर बसलें असावें, हें मानण्यास हरकत नाहीं.